पाहुणीला एकटं सोडायचं नाही

हेडमास्तर ओतियाची गाडी पिक्रियाच्या फाटकाशी येऊन थांबली. आधी एक निळी बॅग उतरली, मग दुसरी, मग पाण्याची बाटली आणि सगळ्यात शेवटी ती मुलगी. अंगानं काटकुळी, नाकावर तांबूस ठिपके, पायात डोंगर चढायचे बूट. फाटकाशी अर्धी आळी उभी होती. मुलीनं सगळ्यांकडं बघून हात हलवला आणि मग तिची नजर रस्त्यावरच्या दोदोच्या डुकरिणीवर गेली. कुंपणातनं घुसून लोकांचा मका खाऊ नये म्हणून त्या डुकरिणीच्या गळ्यात लाकडाची तिकोनी चौकट अडकवलेली असते. आमच्या गुरिया प्रांतात सगळ्याच डुकरांच्या गळ्यात ती असते. मुलीनं खिशातनं फोन काढला आणि पार उकिडवं बसून डुकरिणीचा फोटो घेतला.

"आगं, ही तर डुकराचा फोटू काढती," पिक्रियाची सासू व्हेनेरा म्हणाली. "आन् आपुन हितं सकाळधरनं आंघोळी करून हुबं ऱ्हायलोय."

"डुकरीण देखणी हाय माजी," शेजारची दोदो म्हणाली. "तुमच्याकडं कोन बघंल?"

मुलीचं नाव टॅमसिन. इंग्लंडातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावची. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून दोदोनं तिथल्या तिथं तिची तमुना करून टाकली आणि आळीनं ते कायम केलं.

पिक्रिया मात्र पुढं झाली, मुलीचे दोन्ही गाल चुंबले आणि निळी बॅग उचलून लाकडी जिना चढू लागली. बॅग जड होती. आळीतल्या बायकांचे डोळे बॅगेवर नव्हते, पिक्रियावर होते. पाठमोरी असूनही तिला ते कळत होतं.

त्याला कारण होतं. पिक्रिया गावच्या शाळेतली रशियनची बाई.

तिची आई चहाच्या मळ्यात पानं खुडायची. पिक्रियाही लहानपणी आईच्या बरोबरीनं टोपली बांधून उभी राहिलेली. त्या मळ्यातनं तिला बाहेर काढलं ते रशियन भाषेनं. कुताइसी शहरात जाऊन शिकली, परत आली ती बाई होऊनच. गावात कुणाचा पोरगा फौजेत गेला, कुणाला मॉस्कोच्या दवाखान्यात न्यायचं झालं, कुणाला कचेरीत अर्ज करायचा झाला, की माणसं पिक्रियाच्या व्हरांड्यात येऊन बसत. तिच्या वर्गात पोरं कविता म्हणायची ती खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायची. मग रशियापासून देश वेगळा झाला, चहाचे मळे रान माजून गेले, लढाया झाल्या, आणि एक दिवस पोरं तोंडावर विचारायला लागली की बाई, हे शिकून करायचं काय. नवरा त्याच सुमाराला छातीत कळ येऊन गेला. मुलगी इर्मा ग्रीसमध्ये सलोनिकाला कुणा म्हातारीची सेवा करायला गेली. घरात राहिल्या दोघी, सासू आणि सून. शाळेत राहिले रशियनचे थोडेसे तास, तेही दरवर्षी पाण्यातल्या साबणासारखे झिजत चाललेले.

आणि वरून हुकूम आला की आता पहिलीपासून इंग्रजी.

ओतियानं तिला आपल्या खोलीत बोलावलं होतं. भला माणूस, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून वाईट बातमी सांगायची ताकद नव्हती त्याच्यात. खिडकीकडं बघत म्हणाला, "पिक्रियाबाई, परदेशातनं एक मुलगी येतेय शिकवायला. तुमच्या घरात बाथरूम आतच आहे. ती तुमच्याकडं राहू दे. वर्गातही तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहा. तिला आपली भाषा येत नाही आणि आपली पोरं काय आहेत हे तुम्ही जाणता. वर्षभर ती टिकली की मी वर कळवीन, ह्या बाईंशिवाय आमचं चालत नाही म्हणून."

"आणि नाही टिकली तर?"

"नव्या वर्षापासून रशियनचे तास उरतच नाहीत, बाई. मी तरी काय करू?"

तेव्हा पिक्रियाचं सगळं त्या ठिपक्यांच्या मुलीवर येऊन ठेपलं होतं. ती राहिली तर पिक्रिया बाई. ती गेली तर पिक्रिया कुणीच नाही. गावानं याला सोपं नाव देऊन टाकलं होतं. दोदो कुंपणावरून म्हणाली होती, "सवत घरात आणून बसवलीस की गं." आणि सवतीच्या ताटात काय पडतं, किती पडतं, हे बघायला कुणाला आवडत नाही?

म्हणून पिक्रियानं पहिल्याच दिवशी असं टेबल मांडलं की लाकूड दिसू नये. अक्रोडाच्या दाट रश्शातली कोंबडी, चीज भरलेली गरम खाचापुरी रोटी, मक्याची भाकरी, तीन तऱ्हांचं चीज, पालकाचे गोळे, तळलेले मासे, घरची काळ्या द्राक्षांची वाइन. ओतिया टेबलाच्या टोकाला बसून एकेका नावानं पेला उचलायला लावत होता. आधी देवाच्या नावानं, मग देशाच्या, मग आल्या पाहुणीच्या, तिच्या आईबापाच्या, मेलेल्यांच्या, जन्माला यायच्या असलेल्यांच्या. मुलीला कुणी सांगितलं नव्हतं की बाईमाणसानं नुसते ओठ लावले तरी चालतं. ती प्रत्येक पेला तळापर्यंत रिकामा करत गेली, आणि प्रत्येक गोष्टीला एकच इंग्रजी शब्द म्हणत गेली, ब्युटिफुल. डोंगराला ब्युटिफुल, खाचापुरीला ब्युटिफुल, व्हेनेराच्या सोन्याच्या दातालाही ब्युटिफुल.

"एवढुशी पोर, पन घेती चांगली," व्हेनेरा खूश होऊन म्हणाली.

दुसरा दिवस पोरीनं बादलीशेजारी काढला. आळीतल्या सगळ्या बायका येऊन तिच्या पलंगाभोवती बसल्या, कुणी डोक्याला व्हिनेगर चोळलं, कुणी पाय. मुलगी पांघरूण नाकापर्यंत ओढून त्यांच्याकडं बघत राहिली.

आता इथलं सांगायचं तर पाहुण्याला एकटं सोडणं ही घरधन्याची बेअब्रू. पाहुणा जेवतो तेव्हा समोर बसायचं, चालतो तेव्हा सोबत चालायचं, गप्प बसला तर आपण बोलायचं. हे काही कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातनं येतं. पण पिक्रियाला आणखी एक कारण होतं. इर्मा पहिल्या वर्षी सलोनिकाहून फोन करून रडायची. "आई, इथं जेवताना माझ्यासमोर भिंत असते. म्हातारी दार लावून झोपते, मी स्वयंपाकघरात बसते. दिवसचे दिवस कुणी मला नाव घेऊन हाक मारत नाही." तेव्हा पिक्रियानं मनाशी ठरवलं होतं की परक्याची लेक जर कधी आपल्या घरी आली, तर तिच्यासमोर भिंत येऊ द्यायची नाही.

आणि तिनं ती येऊ दिली नाही. व्हेनेराची खाट मुलीच्या खोलीत नेऊन टाकली, नव्या घरात पोर दचकायला नको म्हणून. व्हेनेरा रात्रभर घोरायची आणि पहाटे उठून मुलीच्या अंगावर तिसरी रजई घालायची. मुलगी अक्रोडाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसली की दोदो लगेच स्टूल घेऊन हजर.

"बगा की, एकटीच कागदात तोंड खुपसून बसलीया," दोदो म्हणायची. "कायतरी दुकतंय पोरीला. आय आठवती आसंल." आणि तिच्या हातावर थोपटत बसायची. मुलगी हसायची आणि तेच पान पुन्हा वाचायची.

ती फिरायला निघाली की कुणीतरी बूट चढवून मागं निघायचंच. एकदा ती फाटकाबाहेर पडून जवळजवळ धावतच सुटली, तर पोस्टमन सायकल घेऊन पार ओढ्यापर्यंत तिच्यामागं गेला आणि तिला मानानं परत घेऊन आला.

शाळेत मात्र निराळंच काहीतरी जुळत होतं. पहिल्या दिवशी मुलगी वर्गात शिरली आणि बेडकासारख्या उड्या मारत गाणं म्हणायला लागली. पोरांना वाटलं, बाईला झटका आला. मग त्यांनाही चेव चढला. बाकांवर चढली, एक जण खिडकीतनं बाहेर पडला. मुलगी मधोमध उभी, हात वर केलेले, चेहरा पांढराफटक. मागं भिंतीशी उभ्या असलेल्या पिक्रियानं नुसती एक भुवई उचलली. वर्ग जागच्या जागी बसला. खिडकीतनं पडलेला खिडकीतनंच आत आला. मुलीनं वळून पिक्रियाकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की पिक्रियाकडं कित्येक वर्षांत कुणी तसं पाहिलं नव्हतं. त्यानंतर रोज तसंच. मुलगी उड्या मारायची, पिक्रिया भुवई सांभाळायची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण वर्ग चालत होता. घरी येताना पिक्रियाला वाटायचं, जमेल. हे जमेल.

पण घरी मुलगी दिवसेंदिवस सुकत चालली. ब्युटिफुल म्हणायची बंद झाली. ताटात भाकरी कुस्करून ठेवायची. बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडून बराच वेळ आत बसायची. नळाच्या आवाजामागं दुसरा आवाज असायचा, तो पिक्रियाला ऐकू यायचा. शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला नेस्तान नावाची तरणी मास्तरीण होती, पिक्रियाचीच जुनी विद्यार्थिनी. तिला पिक्रियानं घरी बोलावून विचारायला लावलं की पोरी, तुला काय कमी आहे. खोलीत दोदो होती, व्हेनेरा होती, आणखी दोघी होत्या. मुलीनं सगळ्यांकडं पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"सगळं छान आहे म्हणते," नेस्तान म्हणाली. "थँक यू म्हणते."

"मग जेवत का न्हाय?" दोदोनं विचारलं, आणि विचारलं मुलीला नव्हे, पिक्रियाला.

एका सोमवारी शाळा सुटल्यावर मुलगी घरात आली, खोलीत गेली आणि दार लावून आतनं खुर्ची टेकवली. व्हेनेरा बाहेरच राहिली. म्हातारीनं दोन्ही हातांनी दार बडवलं. "तमुना, ए तमुना, माजी खाट हाय की आत." 

आमच्याकडं दिवसाउजेडी दार लागतं ते घरात कुणी मरणाला टेकलं तर. संध्याकाळपर्यंत सगळी आळी व्हरांड्यात जमली. कुणी कोंबडीचा रस्सा आणला, कुणी डाळिंबाचा रस, कुणी पाद्रीबाबाकडचं पाणी. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या, जसं बोलतात तसल्या वेळी. पिक्रिया सगळ्यांना खुर्च्या देत होती आणि तिच्या कानावर पडत होतं.

"किती वाळलीय पोर."

"हितं आली तवा गाल होतं तिला."

"रोजीरोटी जाती म्हनल्यावर मानूस गोड कसं ऱ्हाईल? मी पिक्रियाला नावं ठेवत न्हाय. पन ताटात काय पडत आसंल, कोन जानं."

पिक्रियाच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. म्हणावं तर काय म्हणावं? की माझ्या घरातलं शेवटचं अंडंसुद्धा तिच्याच ताटात जातं? असं बोलून दाखवणारी बाई तर आणखीच हलकी.

ओतिया आला. त्यानं जिन्याच्या पायरीशीच तिला गाठलं आणि अक्रोडाच्या झाडाकडं बघत म्हणाला, "पिक्रियाबाई, असं होऊन चालायचं नाही हो. ती परत जायचं म्हणाली तर वर मी काय सांगू? लोक काय म्हणतायत ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणत नाही. लोक म्हणतायत."

"मी काय करू, मास्तर? तुम्हीच सांगा."

"करा काहीतरी. लाड करा."

मुलगी सकाळी शाळेला निघायची आणि परत आली की पुन्हा दाराला खुर्ची लावायची. गुरुवारी दुपारी इर्माचा फोन आला. गुरुवारी दुपारी तिला सुट्टी असते. पिक्रिया फोन घेऊन गोठ्यामागं गेली आणि सगळं सांगितलं, खुर्ची, रस्सा, लोकांचं बोलणं. इर्मा ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तिला एकटीला सोड."

"कशी सोडू? पाहुणी आहे."

"तिला तेच हवंय. इकडची माणसं तशीच असतात. दार लावतात म्हणजे रागावलेली नसतात. थकलेली असतात."

"तूच रडायचीस ना भिंतीसमोर जेवायला लागतं म्हणून?"

इर्मा म्हणाली, "रडायची. आता गुरुवारी मी समुद्रावर जाऊन बसते. कुणी ओळखीचं भेटलं तर रस्ता बदलते. आठवड्यातले तेवढेच दोन तास माझे असतात, आई. आत्तापण मी फोन करायच्या आधी तासभर नुसती बसले होते."

 पोर सुखात आहे की दुःखात, हेच पिक्रियाला कळेना. लेक परकी झाली हे मात्र कळलं, आणि हेही कळलं की परक्याची लेक ओळखायला आता ह्याच लेकीचं ऐकायला हवं.

तिनं म्हातारीची खाट खोलीतनं काढली.

"मला हाकलती," व्हेनेरा म्हणाली. "माज्या जल्मात कुनी मला पाहुन्याच्या खोलीतनं हाकललं न्हाय."

"आई, थोडे दिवस. माझ्यासाठी."

मग पिक्रिया जिन्याच्या खालच्या पायरीवर मका सोलायला घेऊन बसली, आणि जी कुणी ताट घेऊन फाटकातनं आली, तिला तिथूनच परत पाठवलं. हे तिला कसं जमलं ते तीच जाणे. हातात झाकलेलं ताट घेऊन आलेल्या बाईला दारातनं परत लावणं म्हणजे तिच्या सात पिढ्यांना परत लावणं. दोदो आली तेव्हा पिक्रियानं मान वर केली नाही.

"निजलीय ती," म्हणाली.

"दुपारची?"

"निजलीय."

"मी बगते आन् जाते."

"दोदो, नको."

दोदोनं हातातल्या ताटाकडं पाहिलं, मग पिक्रियाकडं. "चाळीस वर्सं ह्या पायऱ्या चढती मी," म्हणाली. "तुजा नवरा गेला तवा त्याला कपडं चढवलं ते ह्याच हातांनी. बस राखन करत." आणि गेली. फाटक तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घर शांत झालं. पिक्रिया ताट दाराबाहेर ठेवायची आणि लगेच निघून जायची. मुलगी अंगणात आली की ती गोठ्याकडं तोंड फिरवायची, व्हेनेरालाही फिरवायला लावायची. पुस्तक घेऊन झाडाखाली बसली की आपण आत. एकदा आतनं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं तेव्हा तिनं हातातलं भांडंसुद्धा खाली ठेवलं नाही, वाजेल म्हणून. वर्गातही ती आता मागच्या भिंतीशी न राहता दाराबाहेर उभी राहायला लागली. पोरं फारच उधळली तरच आत डोकावायची. मुलगी मधनंच वळून मागच्या रिकाम्या भिंतीकडं बघायची. पिक्रियाला दारातनं ते दिसायचं. तिला वाटायचं, पोर मोकळी झाली.

एवढं अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. हात सारखे पुढं जायचे, केसांवरनं फिरवायला, रजई ओढायला. ती हात बांधून ठेवल्यासारखे काखेत धरून ठेवायची.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ओतियाची गाडी पुन्हा फाटकाशी आली. ओतिया उतरला, नेस्तान उतरली, आणि कुंपणापलीकडं दोदो दिसली, डोक्याला नवा रुमाल बांधलेली. वर खोलीचं दार उघडलं. मुलगी निळी बॅग ओढत जिना उतरत होती. डोळे सुजलेले.

"कुठं?" पिक्रियानं विचारलं.

ओतिया डुकरिणीकडं बघायला लागला. "दोदोकडं. एवढंच. गावातच आहे. परत जायचं म्हणत होती, मीच म्हटलं घर बदलून बघू."

"का?"

उत्तर नेस्ताननं दिलं, मान खाली घालून. "बाई, तिनं मला विचारलं, पिक्रिया माझ्यावर रागावलीय का. म्हणाली, आधी ती माझ्यासमोर बसायची, आता बसत नाही. मला बघितलं की तोंड फिरवते. आजीला खोलीतनं नेलं. लोकांना माझ्याकडं येऊ देत नाही. वर्गातनंसुद्धा बाहेर जाते. मी म्हटलं..." तिनं बॅगेकडं पाहिलं. "मी म्हटलं, आमच्याकडं पाहुण्याला असं एकटं टाकतात ते तो नकोसा झाल्यावर. बाई, तिनं सरळ विचारलं. मी खोटं कसं सांगू? मलाही तसंच वाटलं."

पिक्रिया नेस्तानकडं वळली. मग म्हणाली, "तिला सांग. मी तिच्यासाठीच तिला एकटं सोडलं. तिला दार लावायचं होतं ना, म्हणून. सांग तिला."

नेस्ताननं सांगितलं. किती सांगता आलं, कोण जाणे. मुलीनं पिक्रियाकडं पाहिलं, भुवया जवळ आल्या, ओठ हलले, जणू एखाद्या लांबच्या गोष्टीला हात पुरतोय की नाही बघतेय. ती बॅगेचा पट्टा सोडून एक पाऊल पुढं आली.

कुंपणापलीकडून दोदो हसली. "मायेपोटी एकटं सोडलं म्हनं. ऐका. मायेपोटी माजं ताटबी परत पाठवलं."

पिक्रियानं मुलीचा हात धरला. तिच्याकडं रशियन होती, सगळी, कवितांसकट, आणि त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता. इंग्रजीतलं जे काही कानावर पडलं होतं ते वर्गातलं. ती म्हणाली, "सिट डाउन, प्लीज."

मुलीचे डोळे भरून आले. तिनं ओतियाकडं पाहिलं, काहीतरी विचारलं. नेस्तान म्हणाली, "विचारतेय, राहू का इथंच?"

ओतियानं टोपी काढली, पुन्हा घातली. "आता कसं व्हायचं?" म्हणाला. "दोदोनं कोंबड्या कापल्या. तिचे भाऊ आलेत लांचखुतीहून. टेबल मांडून झालं. आता नाही म्हटलं तर काय तोंड दाखवायचं तिला?"

हे पिक्रियालाही पटलं. तेच तर वाईट होतं, की तिलाही पटलं. मांडलेल्या टेबलावरून पाहुणी काढून घेणारी बाई ती नव्हती. तिनं मुलीचा हात सोडला आणि निळी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. शेजारच्या घरापुरती गाडी कशाला, पण पाहुणीला बॅग ओढत रस्त्यानं न्यायचं नाही म्हणून ओतियानं आणली होती.

सोमवारी शाळेत ओतियानं तिला बोलावलं नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात स्वतःच आला आणि फळ्याच्या खडूची पेटी हातात फिरवत म्हणाला, "वर्गात आता काही दिवस नेस्तानला उभं करतो तिच्या शेजारी. लोकांना बरं दिसत नाही, बाई. आधी घरातनं गेली, आणि..."

"आणि नवं वर्ष?"

त्यानं खडूची पेटी तिच्या हातात दिली, जणू ती तिचीच होती, आणि निघून गेला.

संध्याकाळी पिक्रियानं खाचापुरी भाजली. व्हेनेरा चुलीशी बसून बघत होती.

"त्या दोदोच्या घरी जातीस?"

"जायला नको? पाहुणी आहे गावात. मी नाही गेले तर म्हणतील, तोंड फुगवून बसली."

"आन् गेलीस तर म्हनतील, आता आली लाज वाटून."

"म्हणतील."

"मग?"

"मग काय, आई. गरम आहे तोवर नेते."

दोदोच्या घरात बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर बायका, पलंगावर बायका, उंबऱ्यावर दोदोच्या भावाच्या बायका. मधोमध मुलगी. तिच्या एका हाताला दोदो, दुसऱ्या हाताला कुणाची तरी आजी, पुढ्यात ताट, ताटावर ताट. कुणीतरी तिचे केस विंचरत होतं. तिच्या नव्या खोलीत दोदोनं आपली स्वतःची खाट टाकली होती आणि ते ती प्रत्येकीला नेऊन दाखवत होती.

"बगा, हितं घोटभर पानी मागितलं तरी मी हाय."

पिक्रियानं खाचापुरी टेबलावर ठेवली. मुलीनं वर पाहिलं. नाकावरचे ठिपके पांढऱ्या चेहऱ्यावर जास्तच उठून दिसत होते. ती हसली, पण डोळे पिक्रियावरून सरकून मागच्या दाराकडं गेले, दारावरून कडीकडं, आणि पुन्हा पिक्रियाकडं आले. त्या खोलीत ती नजर कळणारं माणूस एकच होतं.

पिक्रियाला करता येण्यासारखी गोष्टही एकच होती. ह्या घोळक्यातला एक जीव कमी करणं. ती वळली आणि दाराकडं निघाली.

"आगं पिक्रिया," मागनं दोदोचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पाहुनीला सोडून कुटं निगालीस? बस की. का अजून राग हाय?"

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. कुणीतरी सरकून जागा केली, अगदी मुलीसमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

पिक्रिया परत आली आणि बसली.